आत कोण हवंय तुला?

मी लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर झाले, त्याच वर्षी आई गेली. आम्ही दोघीच राहायचो, टीव्ही सेंटरच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही. त्यामागं काही मोठी गोष्ट नाही. बघायला येणं-जाणं चालू होतं, तेवढ्यात वडील वारले, भावाचं शिक्षण राहिलेलं होतं. पुढं भाऊ पुण्याला गेला, संसारात रमला, आणि तोवर माझ्यासाठी विचारणारे थांबले होते. आई होती तोवर घराचं दार आतून उघडायचं. ती गेल्यावर पर्समधून किल्ली काढायची सवय लावून घ्यावी लागली. सुरुवातीला कितीदा तरी मी आधी बेल वाजवायचे आणि मग पर्स उघडायचे.

दवाखान्यात मात्र एकटं वाटायला सवड नसायची. आमचं सरकारी रुग्णालय तसं लहान, पण बाळंतपणं भरपूर. लेबर रूममध्ये चार टेबलं ओळीनं मांडलेली, मधे पडदा नाही. बाई कळा घेऊन आली की तिची बांगडी-पिशवी नातेवाइकांच्या हातात द्यायची, तिला आत घ्यायचं आणि आतून कडी लावायची. बाहेर बाकावर सासू, आई, नवरा बसून राहायचे. दार उघडलं की सगळे एकदम उठायचे, आणि आम्ही हातानंच ‘अजून नाही’ म्हणून खुणावायचो. आत फक्त आम्ही, म्हणजे डॉक्टर, दोघी-तिघी सिस्टर आणि साफसफाईला असणारी मावशी.

कळ आली की बाई हाताला लागेल ते धरते. टेबलाची सळई, चादर, नाहीतर सिस्टरचं मनगट. माझं मनगट किती जणींनी धरलं असेल, सांगता येणार नाही. “बाई, सोडू नका ओ,” म्हणायच्या. काही जणी वयानं माझ्याएवढ्या असूनही मला ‘आई’ म्हणायच्या. घरी जाऊन नळाखाली हात धुताना कधी कधी नखांच्या खुणा झोंबायच्या. मी त्यावर थोडं खोबरेल लावायचे आणि विसरून जायचे.

आई गेल्यानंतर दोनेक वर्षांनी माझंच ऑपरेशन झालं. गर्भपिशवीत गाठी होत्या, रक्तस्राव थांबेना, काढून टाकावी लागली. आपल्या लोकांसमोर त्या टेबलावर झोपायला नको वाटलं, म्हणून शहरातल्याच एका खासगी दवाखान्यात गेले. भाऊ पुण्याहून आला. कागदांवर सह्या त्यानंच केल्या. आत नेताना तिथल्या सिस्टरनं सांगितलं, “नातेवाइकांनी इथंच थांबायचं.” भाऊ थांबला. त्याची काय चूक? मीही जन्मभर लोकांना हेच सांगत आले होते.

आत गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की आडव्या माणसाला फक्त छत दिसतं. छत, दिवे आणि वरून वाकणारे, मास्क लावलेले चेहरे. लोक माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. कुणी वाईट वागलं नाही. पण भूल चढायच्या आधी थोडा वेळ हात रिकामे पडले होते, आणि ते कुठं ठेवावेत तेच मला समजेना. शेवटी मी माझाच एक हात दुसऱ्यात धरला.

बरी होऊन कामावर आले तेव्हा दुपारी टेबलं रिकामी असताना मी आमच्या लेबर रूममधल्या टेबलावर आडवी झाले. मावशी दारातून बघत म्हणाली, “सिस्टर, चक्कर आली का काय?”

“नाही गं. जरा बघतेय.”

“काय बघताय वर?”

छताला ओल आली होती आणि तिचा एक मोठा डाग बरोबर डोळ्यांसमोर येत होता. दार उघडं राहिलं तर व्हरांड्यातून जाणाऱ्या माणसाला थेट टेबल दिसत होतं. इतकी वर्षं इथं उभी होते, पण इथून काय दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या अधीक्षक मॅडमनी मीटिंग बोलावली. बाळंतपणाच्या सेवेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरलेली आहेत, त्यांच्यावर आपल्याकडची मानकं बेतली आहेत, आणि आता त्यांनुसार आपल्या लेबर रूमची तपासणी होणार, असं त्यांनी सांगितलं. जाडजूड पुस्तिका आली. निम्मे लोक वैतागले. “आता कागदं रंगवायची अन् बोर्ड लावायचा, दुसरं काय,” असं एक जण बोललंच. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी ती पुस्तिका घरी नेली. घरी संध्याकाळी करायला काही नसतंच. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, वरणभाताचा कुकर लावला आणि वाचत बसले.

हात कसे धुवायचे, हत्यारं कशी निर्जंतुक करायची, बाळाचा श्वास अडला तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे सगळं त्यात होतं. ते आम्ही करत होतोच, थोडं ढिलं होतं, ते नीट करता येण्यासारखं होतं. पण पुढं दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे प्रत्येक बाईला आडोसा असला पाहिजे. आणि दुसरी म्हणजे कळा सोसताना तिच्या पसंतीचं एक माणूस तिच्याजवळ असलं पाहिजे. हक्क म्हणून. नुसतं नातेवाईक नाही, तिच्या पसंतीचं. कुठल्या तरी दूरच्या देशांतल्या, मला कधीच न दिसणाऱ्या माणसांनी बसून हे लिहिलं होतं, आणि ते वाचताना मला त्या खासगी दवाखान्यातलं छत आठवत राहिलं. कुकरची शिट्टी होऊन गेलेली मला कळलीच नाही.

पडद्यांपासून सुरुवात केली. सरकारी पुरवठ्याची वाट बघत बसलो असतो तर तपासणी होऊन गेली असती. मॅडमनी दवाखान्याच्या किरकोळ खर्चातून मंजुरी दिली आणि मी गुलमंडीच्या बाजारात कापड आणायला गेले. दुकानदारानं गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. “घरात खिडक्या किती आहेत, ताई?” त्यानं विचारलं.

“चार,” मी म्हणाले. चार टेबलं, म्हणून चार. त्याला समजावून सांगायचा कंटाळा आला.

“मग फिका हिरवा न्या. पोरंबाळं असली तर मात्र गडद, मळखाऊ बरा.”

मी फिका हिरवा घेतला. रिक्षात गठ्ठा मांडीवर घेऊन बसले तेव्हा क्षणभर खरंच आपल्या घरासाठी काहीतरी खरेदी करून चालल्यासारखं वाटलं.

पडद्यांना कुणाची हरकत नव्हती. सोबतीच्या माणसाला मात्र सगळ्यांचीच होती. निवासी डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, बाहेरचं माणूस आत घेतलं की ते व्हिडिओ काढणार, वाद घालणार. इथं भाजीमंडई होईल.” मावशी म्हणाली, “ह्या सासवा लई वंगाळ असत्यात. पोरीला आत येऊन बोलतील.” दोघांचंही खोटं नव्हतं. आम्ही बसून नियम केले. एकच बाईमाणूस, हात धुऊन, गाऊन घालून, मोबाइल बाहेर ठेवून, टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहायचं. आणि कोण हे बाईनं स्वतः सांगायचं, बाकावरच्यांनी नाही.

पहिल्या दिवशी मी एका पोरीला विचारलं, “आत कोण हवंय तुला?” ती माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं मी काहीतरी परीक्षा घेतेय. “सासूबाई आहेत ना बाहेर,” ती म्हणाली.

“बाहेर कोण आहे ते नाही विचारलं. आत कोण हवंय?”

तिनं दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, “माझी थोरली बहीण चालंल का?”

मी बाहेर जाऊन बहिणीचं नाव पुकारलं. सासू उठली, “मी आसताना ती कशाला?” म्हणून भांडायला लागली. मी सांगितलं, नियम आहे, वरून आलाय. ‘वरून आलाय’ म्हटलं की आपल्याकडं माणसं गप्प बसतात, त्याचा मी पहिल्यांदाच चांगला उपयोग केला. बहीण आत आली. बाळ होईपर्यंत दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं होतं. मी बाळाच्या ठोक्यांकडं बघत होते, मधे बोलायची गरजच पडली नाही.

त्यानंतर हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आरडाओरडा कमी झाला. आमच्या सिस्टरांचे आवाजही खाली आले. आपल्याकडं कुणाचं तरी माणूस बघतंय म्हटल्यावर येतातच. निवासी डॉक्टर एकदा आपणहून म्हणाले, “बरं चाललंय, सिस्टर.” मला आनंद झाला.

अशातच एका सकाळी लासूर स्टेशनकडची एक पोरगी आली. पोरगीच म्हणायची, विशीची असेल. गावच्या आशा कार्यकर्तीनं गाडीतून आणून सोडलं आणि दुसरी केस घ्यायला ती तशीच परत गेली. कळा सुरू झालेल्या. मी नेहमीसारखं विचारलं, “आत कोण हवंय तुला?”

“कुणी नाय,” ती म्हणाली.

काही जणींना खरंच कुणी नको असतं, आणि तेही मानायचं असतं. म्हणून मी विचारलं, “कुणी नको, की कुणी नाही?”

ती भिंतीकडं बघत म्हणाली, “नाय कुणी. आमचं लगीन आम्हीच केलेलं. दोन्ही घरांनी तोडलंय. मालक ट्रकवर हाय, गुजरातेत. फोन लागंना.”

मला वाटलं, मीच बसावं तिच्याजवळ. पण नियमानं कामावरच्या सिस्टरला सोबतीण धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मला दुसऱ्या टेबलाकडंही बघायचं होतं. मी दार उघडून बाहेर आले. बाकावर एक वयस्कर मुसलमान बाई बसली होती. रोशन गेटकडची. तिच्या सुनेला पहाटेच मुलगा झाला होता आणि सून-बाळ वॉर्डात झोपले होते. पहाटे सुनेजवळ तीच उभी होती, तेव्हा सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले होते.

मी तिला परिस्थिती सांगितली. म्हटलं, “तुम्हाला जमेल का? तुमची ती कुणी नाही, जबरदस्ती नाही.”

खाला उठलीच. “मेरी बहू तो फारिग हो गई ना, सिस्टर. मैं खालीच बैठी हूँ. इस बच्ची के पास बैठती मैं. फिकर नक्को करो.”

मी आत येऊन पोरीला विचारलं, “ह्या बसल्या तर चालतील का तुला?”

तिनं खालाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “चालंल.”

खालानं हात धुतले, गाऊन घातला आणि पोरीच्या डोक्याशी उभी राहिली. कळ आली की तिचं डोकं आपल्या पोटाशी धरायची, पाठ चोळायची. पोरगी मराठीत रडत होती, खाला तिच्या भाषेत बोलत होती, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं.

“नाय होत ओ माझ्यानं.”

“हो रा, हो रा बेटी. सांस ले लंबी. मैं हूँ ना.”

“सोडू नका मला.”

“कायकू छोडती मैं?”

दुपारी मुलगी झाली. चांगली रडली. मी नाळ बांधली, बाळ पुसलं, थोडा वेळ आईच्या छातीवर ठेवलं. मग टाके घालायचे होते, म्हणून विचारलं, “बाळ कुणाकडं देऊ?” खरं म्हणजे बाळ माझ्याच हातात होतं. पोरीनं खालाकडं बोट केलं. मी बाळ खालाच्या हातात दिलं. ती त्याच्याकडं बघून हसली, मग रडली, मग ओढणीच्या टोकानं स्वतःचं नाक पुसलं. मी माझे हातमोजे काढून डब्यात टाकले.

तपासणीला बाहेरून दोघं जण आले. त्यांनी सगळं बघितलं, बाळंतिणींशी आमच्या माघारी बोलले. शेवटी त्यांच्यातल्या एका मॅडमनी मला विचारलं, “स्टाफला काय बदल जाणवला?” मी म्हणाले, शांतता वाढली, विश्वास वाढला. ते खरंही होतं. आम्ही पास झालो. दारावर चकचकीत पाटी लागली, पेढे वाटले, पाटीपुढं सगळ्यांचा फोटो निघाला. भावाला तो फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

त्या संध्याकाळी घरी येऊन हात धुताना मी माझी मनगटं बघितली. त्यांवर काहीच नव्हतं. आठवायला लागले तर आठवेना, की शेवटचं माझं मनगट कुणी धरलं होतं. आता कळ आली की बाई आपल्या माणसाचा हात धरते. मी ठोके ऐकते, वेळ बघते, सांगते, “आता जोर लाव.” तेच माझं काम आहे, आणि ते पूर्वीपेक्षा चांगलं होतंय. पण आई गेल्यापासून मला कुणी हात लावला असेल तर तो फक्त त्या बायकांनीच. हे इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते संपलेलं होतं, आणि संपवणारी मीच होते. मला पश्चात्ताप नाही झाला. होण्यासारखं काही नव्हतं. फक्त नळ चालू ठेवून मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

पुढं वर्ष-दीड वर्षानं एका सकाळी खाला पुन्हा आली, या वेळी लेकीला घेऊन. लेकीला आत आणलं, आणि तिच्यापाठोपाठ दारात ती लासूरची पोरगी उभी. कडेवर दुडदुडत्या वयाची मुलगी. खाला मला कौतुकानं सांगायला लागली, “ये भी मेरी बेटीच है, सिस्टर. इसी कमरे में मिली मेरेकू. ईद को आती, बीच में भी आती. इसका आदमी भी अच्छा है.” मग इकडंतिकडं बघून म्हणाली, “वो दिन एक सिस्टर थी, उनोच मेरेकू अंदर लेके आई. अब दिखती नई. बदली हो गई क्या उनकी?”

त्या दिवशी मी पूर्ण वेळ मास्कमध्ये होते. आता माझा चेहरा उघडा होता, आणि खालानं तो कधी बघितलेलाच नव्हता.

“मीच ती,” मी म्हणाले. पण तेवढ्यात लेकीला कळ आली, “अम्मी” म्हणून ती ओरडली आणि खाला तिच्याकडं वळली. तिच्या कानावर माझं बोलणं गेलंच नाही.

पोरीनं मात्र ऐकलं होतं. “व्हय, तुम्हीच,” ती म्हणाली. “आवाज वळखला मी.” मग जरा लाजत हसली. “हिला धरता का थोडं? खालाची पिशवी बाहेर ऱ्हायलीय, तेवढी आणते.”

मी मुलीला घेतलं. तिनं माझ्या छातीवरच्या घड्याळाकडं बघितलं, एकदा ओढलं, मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा चेहरा रडवेला झाला. मी “नाही गं, नाही, आली आई,” म्हणत दारात उभी राहिले. आई पिशवी घेऊन आली तशी ती तिच्याकडं झेपावली.

दुपारी खालाच्या लेकीला मुलगा झाला. खालाच तिच्याजवळ होती. पोरगी मुलीला घेऊन व्हरांड्यात थांबली होती. जाताना ती मला भेटायला आली. “या की बाई एकदा लासूरला,” ती म्हणाली. “स्टेशनापासून जवळच हाय घर. भाजी-भाकरी खाऊन जावा.”

“येईन,” मी म्हणाले.

लोक असं म्हणायचं म्हणून म्हणतात, हे मला कळतं. तरी एका रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून, मुलीसाठी फ्रॉक आणि बिस्किटांचा पुडा घेऊन रेल्वे स्टेशनवर गेले. तिकीट काढलं. बाकावर बसले. शेजारी पुढच्या गाडीसाठी थांबलेलं एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं, त्यांनी मलाही पोळी विचारली, मी नको म्हटलं. गाडी आली. माणसं चढली, उतरली. मी उठले नाही. तिच्या दारात उभी राहून मी कोण म्हणून सांगणार होते, ते मला ठरवता येईना. नातं खालाचं होतं. मी दार उघडलं होतं, एवढंच, आणि ते माझं कामच होतं.

गाडी गेल्यावर मी बिस्किटांचा पुडा त्या शेजारच्या लेकरांना दिला. त्यांच्या आईनं “थँक्यू म्हणा मावशीला” म्हणून त्यांना दटावलं. दोघंही एका सुरात म्हणाली. मी बाहेर येऊन रिक्षा केली. सोमवारी सकाळची ड्युटी होती, आणि युनिफॉर्म धुवायचा राहिला होता.